पंखा सुरू झाला, पण दुरुस्त झाला नव्हता: एसीच्या मोटरवरून निदानाचा एक धडा

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: "तुमच्या निष्कर्षाला दुसरं काही स्पष्टीकरण असू शकतं का?" नेट-सेटची तयारी करताना आपण व्याख्या पाठ करतो, सूत्रं पाठ करतो, पण या प्रश्नाची तयारी कुणी करून घेत नाही. माझी तयारी गेल्या मे महिन्यात खामगावला, घराच्या गच्चीवर झाली. गुरू होती एसीच्या आउटडोअर युनिटमधली पंख्याची मोटर.

आपला बुलढाणा जिल्हा दोन हवामानांचा आहे. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलंय, तिथे रात्री थोडं तरी बरं वाटतं. घाटाखाली खामगाव, शेगाव, मलकापूर या पट्ट्यात मात्र मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या आसपास जातो. आमच्या घरी एकच एसी, दीड टनाचा, जुना, इन्व्हर्टर नसलेला. तो आजीच्या खोलीत. आजीचं वय ७९, त्यात रक्तदाबाच्या गोळ्या. सुट्टीत घरी पोचलो त्याच दुपारी ती म्हणाली, "बाबू, हवा गरमच येऊन राह्यली रे."

गच्चीवर जाऊन पाहिलं. कंप्रेसर घुमत होता, पण त्याच्यासमोरचा मोठा पंखा थांबलेला. पाच-सात मिनिटांत टक् असा आवाज आला आणि कंप्रेसरही बंद पडला. अर्ध्या तासाने तो पुन्हा सुरू, पुन्हा बंद.

हा क्रम समजायला सोपा आहे. आउटडोअर युनिटचं काम म्हणजे खोलीतली उष्णता बाहेर फेकणं. पंखा मागच्या जाळीतून हवा ओढतो, कंडेन्सरच्या नळ्यांवरून नेतो आणि पुढून बाहेर टाकतो. पंखा थांबला की उष्णता तिथेच साचते, नळ्यांमधल्या वायूचा दाब वाढतो, कंप्रेसर तापतो आणि त्याचं ओव्हरलोड संरक्षण वीज तोडतं. निवला की परत जोडतं. म्हणजे कंप्रेसर बिचारा निर्दोष, तो फक्त लक्षण दाखवत होता. फोनवर एका मेकॅनिकने मात्र न बघताच "कंप्रेसर गेला असंल" असं सांगून टाकलं होतं.

ही मोटर फिरते तरी कशी?

थोडं भौतिकशास्त्र इथे लागेल. घरातली वीज सिंगल फेज: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अशा विजेवर एकच वाइंडिंग चालवलं तर चुंबकीय क्षेत्र गोल फिरत नाही, एकाच रेषेत मागे-पुढे होत राहतं. गणिताने बघितलं तर हे क्षेत्र म्हणजे उलट दिशांना फिरणाऱ्या दोन सारख्या क्षेत्रांची बेरीज. थांबलेल्या रोटरला दोन्हीकडून सारखाच ओढा बसतो, म्हणून तो गुणगुणतो पण हलत नाही.

उपाय असा की मोटरमध्ये दुसरं वाइंडिंग घालायचं, जागेने पहिल्याशी कोनात, आणि त्याच्याशी कॅपॅसिटर एकसरीत जोडायचा. कॅपॅसिटरमुळे दुसऱ्या वाइंडिंगमधला प्रवाह पहिल्याच्या साधारण पाव आवर्तन पुढे जातो. ५० हर्ट्झला एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे हा फरक सुमारे ५ मिलिसेकंदांचा. तेवढ्यावर क्षेत्र फिरू लागतं आणि रोटर त्याच्यामागे धावतो. सहा ध्रुवांच्या मोटरमध्ये क्षेत्राचा वेग १२० × ५० ÷ ६ म्हणजे मिनिटाला १००० फेरे. रोटर नेहमी थोडा मागे राहतो, म्हणून लेबलवर साडेआठशे-नऊशेचा आकडा दिसतो.

या मोटरमधून वीजजोडणीच्या तीन तारा बाहेर येतात: कॉमन, रन आणि स्टार्ट. कॉमन म्हणजे दोन्ही वाइंडिंगचं जोडलेलं टोक. वीज कॉमन आणि रन यांच्यामध्ये द्यायची, आणि कॅपॅसिटर रन व स्टार्ट यांच्यामध्ये जोडायचा. एवढीच वायरिंग. बऱ्याच मोटरमध्ये कॉमनच्या वाटेवर, वाइंडिंगला चिकटून, एक छोटा थर्मल प्रोटेक्टर दडवलेला असतो. मोटर फार तापली की तो उघडतो, निवली की आपोआप जुळतो. हा प्रोटेक्टर लक्षात ठेवा, पुढे त्यानेच मला फसवलं.

पहिली चूक: इलाज केला, निदान नाही

पंखा न फिरण्याची मुख्य कारणं चार. एक, मोटरपर्यंत वीजच पोचत नाही. दोन, कॅपॅसिटर गेला. तीन, वाइंडिंग किंवा प्रोटेक्टर तुटला. चार, बेअरिंग अडकलं. प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी होते आणि माझ्याजवळ मल्टीमीटरही होता. पण उन्हाचा चटका, आजीची काळजी आणि इंटरनेटवरचे व्हिडिओ, या तिन्हींनी मिळून ठरवलं: कॅपॅसिटरच असणार. बहुतेक वेळा तोच असतो, हे खरंही आहे.

एमसीबी पाडला, बाजारात गेलो, लेबलवर होता तसाच २.५ मायक्रोफॅरडचा, ४४० व्होल्टचा कॅपॅसिटर आणला. जायला-यायला, दुकान शोधायला तास-दीड तास गेला. बसवला, एमसीबी वर केला आणि पंखा झर्रकन फिरला! शंभर-सव्वाशे रुपयांत काम झालं म्हणून मी घरभर फुशारकी मारली.

शाळेतला एक मित्र आयटीआय करून आता एसीचीच कामं करतो. त्याला फोनवर सांगितलं तर तो हसला. "चालला म्हून खुश होऊ नको बे. गरम झाल्यावर पाह्य. अन् जुना कॅपॅसिटर मोजला काय तू?"

मोजला नव्हता. फोन ठेवून मोजला: २.४६ मायक्रोफॅरड. लेबलवर २.५, अधिक-उणे ५ टक्के. म्हणजे जुना कॅपॅसिटर ठणठणीत होता. आणि चाळीस मिनिटांनी पंखा पुन्हा थांबला.

मग मधे तो चालला का? कारण मी बाजारात होतो तेव्हा मोटर निवत होती आणि आतला प्रोटेक्टर जुळला. कॅपॅसिटर बदलला नसता तरी पंखा तेव्हा फिरलाच असता. माझ्या 'प्रयोगात' एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या: कॅपॅसिटर आणि मोटरचं तापमान. मला फक्त मी केलेला बदल दिसला. संशोधनात ज्याला कंट्रोल म्हणतात तो इथे अगदी फुकट होता: जुनाच कॅपॅसिटर ठेवून, तेवढाच वेळ थांबून, एकदा एमसीबी वर करून बघायचं. तेवढं मी केलं नाही.

जिल्ह्यातलंच दुसरं उदाहरण घ्या. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा शैवालापासून ते आणखी कशाकशापर्यंत तर्क सुरू झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासले गेले. नमुना काही दिवस स्थिर ठेवल्यावर गुलाबी भाग तळाशी बसला आणि वरचं पाणी स्वच्छ दिसू लागलं. म्हणजे रंग पाण्यात विरघळलेला नव्हता, तो तरंगणाऱ्या सूक्ष्मजीवांचा होता. खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे त्याचं कारण निघालं. एका साध्या निरीक्षणाने एक अख्खी शक्यता बाजूला पडली. चांगली तपासणी अशी असते: तिचं उत्तर कुठलंही आलं तरी एखादी शक्यता कमी होते.

आता मोजमाप: गार असताना आणि तापल्यावर

दुसऱ्या दिवशी मित्र स्वतः आला. आजीला तोवर शेजारच्या काकूंच्या कूलरच्या खोलीत हलवलं होतं. सगळं काम त्याच्या देखरेखीखाली झालं. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो: हा लेख वाचून थेट स्क्रूड्रायव्हर उचलू नका. ज्याला हे काम येतं अशा माणसाला सोबत घ्या. त्याने पाळलेला क्रम असा:

१. रिमोटने बंद करणं म्हणजे वीज बंद नव्हे. एमसीबी खाली, त्यावर चिकटपट्टी आणि घरातल्या सगळ्यांना ताकीद. मग टर्मिनलवर मीटर लावून व्होल्टेज शून्य असल्याची खात्री.

२. कॅपॅसिटर डिस्चार्ज करणं. शेजारी कंप्रेसरचा कॅपॅसिटर असतो, आमचा ५० मायक्रोफॅरडचा. २३० व्होल्टची शिखर किंमत ३२५ व्होल्ट. तेवढ्याने भरला असेल तर ऊर्जा अर्धा सीव्ही वर्ग, म्हणजे सुमारे २.६ ज्यूल. जोराचा झटका बसायला पुरे. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडायची नाही. २० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यांनी टर्मिनलवर धरायचा. कालांक १ सेकंद, म्हणून पाच सेकंदांत जवळजवळ सगळा भार उतरतो. आम्ही दहा सेकंद धरला आणि मग मीटरने शून्य बघितलं.

३. एकही तार काढण्यापूर्वी फोटो, आणि वहीत रंगांसह आकृती.

४. तांब्याच्या नळ्यांना हात नाही. पंख्याची मोटर बदलायला गॅसची बाजू उघडावी लागत नाही.

सकाळी, गच्चीवर ३० अंश असताना, मोटरच्या तारा सोडवून मोजल्या. कॉमन-रन १७२ ओहम, कॉमन-स्टार्ट २०५, रन-स्टार्ट ३७७. १७२ अधिक २०५ बरोबर ३७७, म्हणजे दोन्ही वाइंडिंग शाबूत. कुठल्याही तारेपासून मोटरच्या बॉडीपर्यंत मार्ग नाही, म्हणजे गळती दिसत नाही. इथेच थांबलो असतो तर वहीत लिहिलं असतं: "मोटर ठीक."

पण मित्राचं म्हणणं, रोग दुपारी येतो तर रक्त दुपारी तपास. तारा परत जोडून एसी चालू केला. पंखा थांबला तशी वीज तोडली, डिस्चार्ज केलं आणि लगेच पुन्हा मोजलं. कॉमन-रन: मार्ग नाही. कॉमन-स्टार्ट: मार्ग नाही. रन-स्टार्ट: ४९१ ओहम.

या तीन आकड्यांत सगळी गोष्ट आहे. रन-स्टार्ट मार्ग दाखवतंय, म्हणजे वाइंडिंग तुटलेली नाहीत. कॉमनकडचे दोन्ही मार्ग एकदम बंद, म्हणजे तुटलंय ते कॉमनच्या वाटेवर. आणि सकाळी तेच जुळलेलं होतं. अर्थात तो प्रोटेक्टर, आणि तो आपलं काम चोख करतोय.

४९१ हा आकडा त्याहून मोलाचा. तांबं तापलं की त्याचा रोध ठरलेल्या प्रमाणात वाढतो: रोधांचं गुणोत्तर हे (२३४.५ + तापमान) यांच्या गुणोत्तराएवढं असतं. ४९१ भागिले ३७७ म्हणजे १.३०२. त्याला २६४.५ ने गुणलं, त्यातून २३४.५ वजा केले, उत्तर ११० अंश सेल्सिअस. आत थर्मामीटर न घालता आम्हाला वाइंडिंगचं सरासरी तापमान कळलं. मोटर स्वतःच थर्मामीटर झाली.

राहिला प्रश्न, ती एवढी तापते का. वीज बंद ठेवून पातं हाताने फिरवलं: सकाळी थोडी खरखर होती, आता तापल्यावर जवळजवळ घट्ट. चौथी शक्यता, बेअरिंग. घर्षणामुळे रोटरचा वेग घटतो, मोटर जास्त प्रवाह ओढते, त्यातून आणखी तापते.

दुसरी चूक: रंगावर विश्वास

नवी मोटर अकोल्याहून आणली, अठराशे रुपयांची. घेताना जुन्या लेबलशी या गोष्टी जुळवायच्या: वॅट, ध्रुव किंवा वेग, फिरण्याची दिशा, शाफ्टची जाडी, बोल्टच्या भोकांमधलं अंतर आणि कॅपॅसिटरचं मूल्य. पातं काढताना नट उलट्या आट्याचा निघाला. पंखा फिरताना नट सैल होऊ नये म्हणून बऱ्याच युनिटमध्ये तो तसा असतो, जोर लावून नेहमीच्या दिशेने फिरवला तर आणखी आवळतो.

तारा जोडायचं काम मित्राने माझ्यावर सोपवलं आणि मी फोटो बघून जुन्या रंगाला नवा तोच रंग जोडला. लेबलवरची आकृती फिकट होती, वाचायचा कंटाळा केला. एमसीबी वर केला, पंखा फिरला. मित्र काही बोलला नाही, फक्त रद्दी पेपरची पट्टी पुढच्या जाळीसमोर धरली. पट्टी बाहेर उडायला हवी होती, ती जाळीला चिकटली. पंखा उलटा फिरत होता.

झालं असं की नव्या मोटरमध्ये रन आणि स्टार्टचे रंग जुन्याच्या उलट होते, म्हणून कॅपॅसिटर भलत्या वाइंडिंगच्या वाटेवर गेला. कोणत्या वाइंडिंगचा प्रवाह पुढे राहतो यावर दिशा ठरते. ते बदललं की दिशा उलटते. (फेज-न्यूट्रलची अदलाबदल केल्याने दिशा बदलत नाही, हे परीक्षेतही विचारतात.) अशी मोटर फिरते, पण ताकद कमी आणि ताप जास्त. पातंही उलट्या दिशेने हवा नीट ढकलत नाही. आठवड्याभरात ती गेली असती आणि आम्ही दुकानदाराला दोष दिला असता.

पुन्हा वीज बंद, डिस्चार्ज, मग मोजणी: १६८, १९६ आणि ३६४ ओहम. सगळ्यात मोठा रोध ज्या दोन तारांमध्ये, त्या रन आणि स्टार्ट. उरलेली तिसरी कॉमन. कॉमनपासून कमी रोधाची बहुतेक वेळा रन, जास्त रोधाची स्टार्ट. 'बहुतेक वेळा' म्हणतोय, कारण काही मोटरमध्ये दोन्ही सारखे असतात. तिथे लेबलवरची आकृतीच बघावी लागते. कॉमनच चुकली असती तर उलट दिशेवर निभावलं नसतं, मोटर जळू शकली असती. तारा अदलल्या, हिरवी अर्थिंगची तार बॉडीला घट्ट लावली, सांधे इन्सुलेट केले. पट्टी आता फडफडत बाहेर उडाली.

पण या वेळी फुशारकी मारली नाही. जुना दोष दुपारी तीनच्या उन्हात यायचा, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच वेळी सलग तीन तास चालवून बघितलं. क्लॅम्प मीटरवर पंख्याचा प्रवाह ०.३३ अँपिअर, लेबलवर ०.३५. पहिल्या आणि शेवटच्या तासाला आकडा तोच. मग आजीला तिच्या खोलीत आणलं.

जुनी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात उघडली तेव्हा बेअरिंगमधलं ग्रीस सुकून काळं पडलेलं होतं. कारागीर म्हणाला, "बेअरिंगच बदलायचं होतं भाऊ, मोटर तं चांगली हाये." म्हणजे माझं निदान बरोबर होतं, पण अर्ध्या वाटेवर थांबलं होतं. त्या थांबण्याची किंमत अठराशे रुपये वजा एक बेअरिंग.

एक सावधगिरी: तुमचा एसी इन्व्हर्टरचा असेल तर यातलं वायरिंग लागू पडेलच असं नाही. त्यातल्या बऱ्याच युनिटमध्ये आउटडोअर पंख्याची मोटर डीसी असते, तिला सहसा पाच तारा असतात आणि सर्किट बोर्डवर ३०० व्होल्टच्या वर डीसी असतं, वीज बंद केल्यावरही काही वेळ. ते कामच वेगळं.

लॅबमध्ये याचा उपयोग

सुट्टीवरून परतलो तर आमच्या थिन फिल्मच्या यंत्रणेचा रोटरी व्हॅक्यूम पंप मधेच बंद पडायला लागला होता. वहीत कुणीतरी लिहिलं होतं: "तेल बदलले, पंप सुरू झाला." ते वाक्य वाचून मला आमची गच्ची आठवली. तेल बदलायला किती वेळ लागला आणि तेवढ्या वेळात मोटर किती निवली, याची नोंद कुठेच नव्हती.

म्हणून मित्रांनो, आता कुठलीही दुरुस्ती किंवा प्रयोग करताना मी वहीत चार ओळी आधी लिहितो. कोणकोणती कारणं शक्य आहेत? प्रत्येक कारण खरं असेल तर मीटर काय दाखवेल? मोजमाप दोष असताना घेतलं की दोष नसताना? आणि मी बदललं त्याखेरीज आणखी काय बदललं? चौथ्या ओळीसमोर पहिल्या वेळी सहसा "काही नाही" असं लिहिलं जातं. तिथे थोडं थांबून पुन्हा विचार करा. मी बाजारात घालवलेला तो तास-दीड तास त्याच ओळीत लिहायला हवा होता.